बोईसरवाल्याची गानी

शिव्या दिल्या म्हणून कोर्टात गेलेली माणसं आमच्या किनाऱ्यावर शोधावी लागत नाहीत, दर आळीत एखादा निघतोच. पण चांगलं बोललो म्हणून ज्याच्यावर मानहानीची फिर्याद झाली असा माणूस घिवलीपासून सातपाटीपर्यंत मी एकटाच. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडं मोठेपणा म्हणूनच सांगतो, कारण त्या प्रकरणातून दुसरं काही माझ्या हाती लागलं नाही.

माझा धंदा बँडचा. मी क्लॅरिनेट वाजवतो. चौथीत शाळा सोडली. मी शाळा सोडली, शाळेने मला सोडलं नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो. आमच्याकडे लग्न म्हणजे नुसती सही, खरं काम असतं ते हळदीला. हळदीला अख्खा गाव मांडवात उतरतो आणि बँड चांगला नसेल तर नवऱ्याच्या बापाला पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं. म्हणून बँडवाल्याला आमच्यात मान आहे. निदान मी तरी तो घेतो.

आणि माझ्यासारखाच मान घेणारा दुसरा एक आहे. त्याचं नाव मी घेत नाही, पूर्वीपासूनच घेत नाही. बोईसरवाला म्हणतो. मूळचा तो आमच्याच बाजूचा, दोन गावं सोडून. कारखाने आल्यावर बोईसरला गेला आणि तिथे त्याने काचेचं दुकान केलं. काचेत लाल कोट टांगलेले, वर फिरते दिवे. माझं दुकान म्हणजे घराची पडवी. तो ट्रम्पेट वाजवतो. ऑर्डर घेताना हिंदी बोलतो, "हो जायेगा सेठ, टेन्शन मत लो," आणि वाजवायला लागला की मात्र आमच्यातलाच होतो. मिसरूड फुटल्यापासून आमचं वैर आहे. कशावरून सुरू झालं ते दोघांनाही नीट आठवत नाही, पण वैर नीट सांभाळलंय.

पूर्वी हे वैर मांडवात चालायचं, नंतर ते फोनवर आलं. लग्नाच्या धंद्यातल्या लोकांचा एक ग्रुप आहे. मांडववाले, जेवणवाले, घोडेवाले, फोटोवाले, दोन भटजी आणि आम्ही बँडवाले. त्या ग्रुपवर बोईसरवाला रोज सकाळी फुलाचा फोटो टाकायचा आणि दुपारी मला टोमणा. "काही बँड अजून पडवीतून चालतात, गुरं कुठं बांधतात देव जाणे." मी उत्तर द्यायचो. ग्रुपवरचे लोक फोटोला नाही, आमच्या टोमण्यांना अंगठे द्यायचे. घोडेवाला तर म्हणायचा, "काका, तुमचं वाचल्याशिवाय माझ्या घोड्याला चारा गोड लागत नाय."

आता मी उत्तर द्यायचो कसं, ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे. बारीक अक्षर मला दिसत नाही आणि टाईप करायला बोटं जाड. म्हणून सुनेने शिकवलं, "बाबा, हा माईक दाबा नि बोला, तो आपोआप लिहितो." मी बोललो. पण आमची बोली पडली अशी की जड अक्षर आम्ही हलकं करून टाकतो. भाताला बात, घोड्याला गोडा. पहिले काही दिवस फोन जसं ऐकेल तसं लिही. "नवरदेवाला गोडा पाहिजे" असं वाचून घोडेवाल्याने विचारलं, लाडू की बर्फी? मग सून प्रत्येक शब्द पुसून नीट करायची. करता करता फोन शिकला. मी गोडा म्हणालो की तो घोडा लिहू लागला. बात म्हणालो की भात. मी खूश! चौथीपर्यंत मास्तरने छड्या मारून माझी जीभ सुधारायची धडपड केली, ती सुधारली नाही. फोनने मला एक छडी मारली नाही, तो स्वतःच सुधारला.

देवळामागच्या गटाराचं तर मी चारचौघांत सांगायचो. पंचायतीच्या ग्रुपवर मी माईकमध्ये बोललो, "देवलामागं गान साचली हाय," आणि फोनने लिहिलं, "देवळामागे घाण साचली आहे." दुसऱ्या दिवशी माणसं फावडी घेऊन हजर. मी फोनच्या काचेवरून हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

आणि त्याच फोनने मला बुडवलं.

एका दुपारी जेवून झोपाळ्यावर पडलो होतो. बोईसरवाल्याने ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. म्हटलं, बघू काय भुंकतो. तर घिवलीकडच्या एका हळदीत तो ट्रम्पेटवर धवला वाजवत होता. धवला म्हणजे लग्नात आमच्या बायका म्हणतात ती गाणी. हळद लावताना, चुडा भरताना, प्रत्येक कामाची वेगळी. सावकाश, एकसुरी, ऐकणाऱ्याला वाटतं काहीच चाललेलं नाही, आणि मध्येच गळा भरून येतो. मी उभा जन्म सांगत आलो की धवला बाईच्या तोंडून निघतो, पितळेतून निघत नाय. ग्रुपवर सांगितलं, मांडवात सांगितलं, सोयऱ्यांना सांगितलं. आणि हा गडी गाल फुगवून तो पितळेतून काढत होता! आणि असा की म्हाताऱ्या बायका नाचायच्या थांबून त्याच्याबरोबर म्हणायला लागल्या होत्या.

मी तो तीनदा ऐकला. झोपाळा कधी थांबला कळलं नाही. आणि मग, भरल्या पोटी माणसाची अक्कल सैल होते म्हणा, मी माईक दाबला आणि बोललो:

"बोईसरवाल्याची गानी गरोगरी पोचली. अशी गानी अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कोनाची नाय. देवानं हात राखून दिली नाय."

पाठवलं, फोन उशाखाली ठेवला आणि कूस बदलून झोपलो.

उठलो तेव्हा फोन तापला होता. पहिला आला आमचा ढोलवाला, अंगणातूनच ओरडत, "काका! अवो काका! आज पार गटारात घातला त्याला!" मला वाटलं, चांगलं बोललो म्हणून उलटं लावून बोलतोय. मी म्हटलं, "बोललो तर बोललो. तुला काय त्याचा?" तो म्हणाला, "मला काय? मी तर सात गावांत पाठवला!" मागून सून फोन घेऊन आली. वाचायला लागली आणि मधेच खाली बसली, पदर तोंडात घालून. शेवटी ढोलवाल्याने वाचून दाखवलं:

"बोईसरवाल्याची घाण घरोघरी पोचली. अशी घाण अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कोणाची नाही. देवाने हात राखून दिली नाही."

एक काना नाही, एक मात्रा नाही, वाक्यात कुठे खड्डा नाही. गटारापासून फोनला गान म्हटलं की घाण एवढंच ठाऊक, गानीचंही त्याने तेच केलं. गाणी पोचली आणि घाण पोचली, मराठीत दोन्ही एकाच चालीने पोचतात. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाची एवढी शुद्ध भाषा आधी कोणी बघितली नव्हती. एक भटजी तर म्हणाले, "वाक्यरचना उत्तम."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण अंगणात माणसं जमली होती. साइड ड्रमवाला हसून हसून पेरूच्या झाडाला टेकला होता. घोडेवाल्याने फोन करून सांगितलं की त्याने वाचून दाखवलं तेव्हा घोडासुद्धा खिंकाळला. चाळीस वर्षांच्या भांडणात असा टोला मला कधी जमला नव्हता, आणि जो जमला तो मारलाच नव्हता मी! मी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "मंग? गप्प बसन काय?"

स्वयंपाकघरातून आमची बायको बाहेर आली. झोपाळ्याला आणि चुलीला मध्ये एकच भिंत आहे, तिलाही खिडकी.

"अवो," ती हळूच म्हणाली, "तुमी तर त्याचा कौतुक करत व्हता. मी आयकला."

"तू आयकला नाय."

"देवानं हात राखून दिली नाय म्हनालात. डोलं पुसलात."

"कांदा व्हता."

"कांदा मी चिरत व्हते. तुमी झोपाल्यावर व्हता."

मी तिला गप केलं. म्हणजे ती आपण होऊन गप झाली, पण माझ्याकडे बघून अशी हसली की त्यापेक्षा बोलली असती तर परवडलं असतं.

पंधरवडाभर मी राजासारखा फिरलो. रिक्षावाला पैसे घेईना. मग पोस्टमनने नोटीस आणली. बोईसरवाल्याच्या वकिलाची. त्यात लिहिलं होतं की माझ्या मजकुरामुळे त्यांच्या अशिलाची समाजात बदनामी झाली, धंद्याला धक्का बसला. तरी ग्रुपवर जाहीर माफी मागावी, नाहीतर मानहानीची फिर्याद. मी नोटिशीला उत्तर दिलं नाही. माफी मागायची तर कशाची? मी घाण म्हणालोच नव्हतो. आणि नव्हतो म्हणालो हे सांगायचं तर काय म्हणालो तेही सांगावं लागणार. त्यापेक्षा फिर्याद बरी.

फिर्याद झाली. पालघरला एक वकीलबाई गाठल्या. तरुण, हुशार, टेबलावर एक कासव, काचेचं. त्यांनी मजकूर वाचला, ओठ आवळून हसू दाबलं आणि विचारलं, "काका, हे तुम्ही लिहिलंत?"

"फोननं लिव्हला. मी बोललो."

"काय बोललात? अगदी जसंच्या तसं सांगा."

मी कासवाकडे बघत बसलो. शेजारी बायको होती. तिने सांगितलं. चाल लावूनच सांगितलं जवळजवळ.

वकीलबाई खुर्चीतून उठल्याच. "अहो, मग झालं की! तुम्ही 'गानी' म्हणालात, मशीनने 'घाण' लिहिलं. बदनामीचा हेतूच नाही! काकू साक्षीदार आहेत. कोर्टात उभे राहा आणि सांगा की मी स्तुती करत होतो."

"नाय."

"नाही म्हणजे?"

"जेलात जाईन. पन अख्ख्या तालुक्यासमोर बोईसरवाला मोटा हाय असा मी बोलनार नाय."

"पण तुम्ही बोललात!"

"फोनला बोललो. मानसाला नाय."

बाईंनी बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "बाय, माजी अर्धी हाडं याच्यातच झिजली."

मी माझ्या जागी ठाम होतो आणि ठामच राहिलो असतो. पण त्याच सुमारास घिवलीला एका हळदीत मला वाजवायचं होतं, आणि तिथे नवरीच्या आजीने मला गाठलं. म्हातारी, तोंडात दात नाही, आवाज अजून खणखणीत. म्हणाली, "तुज्यामुलं आमचा धवला गेला."

मी म्हटलं, माझ्यामुळे कसा?

तिने सांगितलं ते असं. आठ दिवसांपूर्वी तिच्या भाच्याच्या हळदीला बोईसरवाला आला होता. त्याने ट्रम्पेट तोंडाला लावलं की पोरं ओरडायची, "गान वाजवा, गान!" आमच्या तोंडी घाणही गानच आणि गाणंही गानच. आधी कोणी तसं ओरडलं तर तो मान लववायचा. आता त्याला काय ते कळेना. शेवटी ही आजी स्वतः उठून पुढे गेली, हात जोडून म्हणाली, "बाबा, तुजं ते गान वाजव," आणि त्याला वाटलं म्हातारीसुद्धा टिंगल करते. त्याने ट्रम्पेट पेटीत घातलं. धवला नाही म्हणाला. तेव्हापासून कुठेच वाजवत नाही, नुसती सिनेमाची गाणी आणि तीही कीबोर्डवाल्याकडून.

"मी त्याला खरोखर मागत व्हते," आजी म्हणाली. "आता मरायच्या आदी परत आयकेन असा वाटत नाय. तू वाजवशील?"

मला येत नाही तो. क्लॅरिनेटवर मी घरी दार लावून वाजवून बघितला होता, मांजर उठून गेलं.

त्या दिवशी मी वाईट वाजवलं. आणि रिक्षातून परत येताना बायकोला म्हणालो, "तारखेला तू चल."

ती म्हणाली, "मी साडी काडूनच ठेवलीय."

कोर्टाने आम्हाला आधी मध्यस्थीला पाठवलं. एक साधी खोली, मधोमध टेबल, वर गरगरणारा पंखा. मध्यस्थ साहेब घाटावरचे, बोलणं कसं इस्त्री केल्यासारखं. एका बाजूला बोईसरवाला, त्याचा वकील. त्याने फिर्यादीलासुद्धा बँडचा कोट घातला होता, सोनेरी झालर लावलेला. दुसऱ्या बाजूला मी, वकीलबाई आणि बायको.

साहेब म्हणाले, "आजोबा, तुम्ही माफी मागायला तयार आहात का?"

"नाय."

"बघा साहेब," बोईसरवाला म्हणाला. "हा असाच हाय. लाकूड."

"तू पितल!"

"शांत, शांत," साहेब म्हणाले. "मग आपलं म्हणणं काय आहे?"

वकीलबाईंनी मला कोपराने ढोसलं. पंखा गरगरत होता. मी बोईसरवाल्याकडे बघितलं. त्याचे गाल बसले होते. ट्रम्पेटवाल्याचे गाल बसले की तो वाजवत नाही हे आम्हाला लगेच कळतं, डॉक्टर लागत नाही.

मी टेबलाकडे बघून, घाईघाईत बोलून टाकलं, "बोईसरवाल्याची गानी गरोगरी पोचली अशी गानी अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कोनाची नाय देवानं हात राखून दिली नाय."

समोरच्या फिर्यादीतल्या मजकुरावर बोट ठेवून साहेब गोंधळले. "पुन्हा तेच? तुम्ही इथे पुन्हा घाण म्हणताय?"

पण बोईसरवाला गोंधळला नव्हता. त्याने आजवर ते वाचलं होतं, ऐकलं नव्हतं. माझ्या तोंडून ऐकल्यावर साहेबांना नाही, त्याच्या वकिलाला नाही, त्याला एकट्याला कळलं. तो हळूहळू पुढे वाकला.

"गानी?" तो म्हणाला.

"गानी," मी म्हणालो.

"धवल्याचा व्हिडिओ बगून?"

मी पंख्याकडे बघितलं.

"डोलं पुसलं त्यांनी," बायको म्हणाली.

"कांदा व्हता!"

साहेबांना समजावायला वकीलबाईंना बराच वेळ लागला. त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, फोन आणा, इथेच बोलून दाखवा. मी माईक दाबून बोललो. फोनने पुन्हा घाण लिहिलं. बोईसरवाल्याला राग आला. "आन इकडं, याला बोलता येत नाय. मी बोलतो." त्याने छाती काढून, एकेक शब्द सुटा करून, हळदीत घोषणा करावी तसं माझ्या फोनला सांगितलं, "माजी, गानी, गरोगरी, पोचली!"

फोनने लिहिलं, "माझी घाण घरोघरी पोचली."

त्याच्या वकिलाने वाचलं आणि तोंडावर फाईल धरली. फाईल हलायला लागली. मग साहेब हसले, आधी नाकातून, मग चष्मा काढून. बायको आणि वकीलबाई एकमेकींच्या अंगावर. बोईसरवाला आणि मी, दोघेच हसत नव्हतो. आम्ही एकमेकांकडे बघत होतो, कोण आधी हसतो ते. तोच आधी हसला, हे मी लिहून ठेवतो. तो म्हणेल मी.

फिर्याद मागे घेतली. अट एकच, ग्रुपवर मी ते पुन्हा सांगायचं, लिहून नाही, आवाजात. मी सांगितलं. सुनेने माईक धरला, मी भिंतीकडे तोंड करून बोललो. अंगठे आले, फुलं आली, घोडेवाल्याने रडका चेहरा पाठवला. त्याचा रोजचा तमाशा संपला ना! आणि त्या आठवड्यात घिवलीच्या आजीने निरोप धाडला की शेजारच्या गावात धवला झाला, दोनदा झाला, आणि पोरं "गान, गान" ओरडत होती तेव्हा गडी मान लववत होता.

मला वाटलं, संपलं. हंगाम लागला आणि मी सामान आणायला बोईसरला उतरलो. रिक्षा स्टँडवर, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा बॅनर. एका बाजूला बोईसरवाला, ट्रम्पेट आभाळाकडे. दुसऱ्या बाजूला मी! कुठल्या तरी लग्नातला फोटो कापून लावलेला. खाली माझं वाक्य, मोठ्या अक्षरांत, मलासुद्धा चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या: "अशी गाणी अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कोणाची नाहीत!" आणि त्याखाली, "ज्येष्ठ क्लॅरिनेटवादकांचे मत."

मी सामान घेतलं नाही. तसाच पालघरला गेलो, वकीलबाईंसमोर बसलो.

"आता माजी फिर्याद घ्या."

"कसली काका?"

"मानहानीची. बोईसरवाल्यावर."

त्यांनी फोटो बघितला. "पण काका, यात खोटं काय आहे?"

"खोटा असता तर मी चालवून घेतला असता!"

बाई हसल्या. म्हणाल्या, खऱ्या कौतुकाने मानहानी होते असा कायदा अजून झालेला नाही. मी म्हटलं, मग करा. तो होईपर्यंत त्यांनी चहा मागवला.

संध्याकाळी परत बोईसरला उतरलो. बॅनरकडे बघायचं नाही असं ठरवून मान खाली घालून चाललो होतो, तर एक रिक्षावाला हिंदीत म्हणाला, "चाचा, फोटो एक नंबर आया है आपका."

मी थांबलो. वर बघितलं. दिवे लागले होते. खरंच बरा आला होता. त्याच्यापेक्षा बरा. मिशी तर विशेष.

त्या हंगामात ऑर्डरी मला जास्त आल्या, आणि त्या बॅनरवरचा फोटो बघून आल्या. हे त्याला अजून कळलेलं नाही. कळलं तर तो फोटो काढून टाकेल, म्हणून ग्रुपवर मी रोज त्या बॅनरच्या नावाने ओरडत असतो. माईक दाबून.